जर्मन फॅमिलीकडे राहायला जातेयस तर...

अगं, स्टुटगार्टची इंटर्नशिप फायनल झाली आणि राहायची सोय पण एका जर्मन फॅमिलीकडे झाली, मस्तच! बॅगेत काय भरायचं ते तुझी आई सांगेलच, मी दुसरंच सांगते.

तिकडे आग्रह नावाचा प्रकार नसतो. "अजून वाढू?" असं विचारल्यावर तू सवयीने नको नको म्हणालीस की भांडं उचललं जाणार, परत कोणी विचारणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, तू नको म्हणालीस ना मग नको. आपली ती "चालेल हो, काही हरकत नाही" म्हणत सगळं सोसायची सवय तिथे उपाशी ठेवते. खोली गार पडतेय? सांग. नुसतं व्हेज आहे म्हणून थांबू नकोस, मासे नको, चिकनच्या पाण्यातलं सूप नको, जिलेटिन नको असं एकेक सांग, त्यांना ते सोपंच पडतं. आणि ते तोंडावर म्हणाले की सिंकमध्ये भांडी ठेवू नकोस, तर रुसून बसू नकोस, तो ओरडा नसतो, नुसती माहिती असते :)

रात्रीचं जेवण बऱ्याच घरांत थंड, म्हणजे ब्रेड, चीज, काकडी. जेवल्यासारखं वाटतच नाही (मला तर अजूनही नाही). मग किचन कधी वापरू ते आधी विचारून ठेव, आणि फोडणी देताना एक्झॉस्ट चालू, दार बंद, कारण घरात स्मोक अलार्म असतात.

बाथरूममध्ये शॉवर सोडून बाकी जमिनीला पाणी जायला वाटच नसते बहुतेक ठिकाणी, त्यामुळे बादली-तांब्या विसर, सांडलेलं लगेच पूस. कडाक्याच्या थंडीत पण दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून पाचेक मिनिटं खिडकी सताड उघडायची, वेडेपणा वाटतो पण नाहीतर भिंतींना बुरशी धरते. रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच आण. रात्री १० नंतर मोठ्याने फोन नको, तसंही तेव्हा इकडे दीड-अडीच वाजलेले असतात. आणि तुमच्या त्या स्टुटगार्टकडे केअरवोखे असतं, म्हणजे जिना झाडायची पाळी, काही बिल्डिंगमध्ये पाटी दारावर लटकली की तो आठवडा आपला, तेव्हा सांगायची वाट न बघता झाडू घे, भारतातून नेलेल्या गिफ्टपेक्षा याने जास्त खूश होतील.

आता महत्त्वाचं. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असशील तर राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, आनमेल्डुंग, आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. टॅक्स नंबर ही नोंदणी झाल्यावरच येतो, बँकेत पण बऱ्याचदा नोंदणीचा कागद मागतात. सही देणार ना, हे अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी मेलवर लिहून घे, टाळाटाळ करत असतील तर सरळ दुसरं घर बघ. भाड्यात हीटिंग, वॉशिंग मशीन धरलंय का तेही त्याच मेलमध्ये विचार, आणि उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर.