वर्क्स कमिटी असली म्हणजे युनियन नको का?

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीतल्या एका भावाचा प्रश्न: मॅनेजमेंटने वर्क्स कमिटी (मालक आणि कामगार दोघांच्या प्रतिनिधींची समिती) नेमली आहे आणि साहेब म्हणतात, जर्मनीत हेच चालतं, मग तुम्हाला युनियन कशाला हवी?

साहेबांनी जर्मनी अर्धीच सांगितली. तिथली कामगार परिषद मालक नेमत नाही. पाच कायम कामगार असले तरी ती निवडता येते. दर चार वर्षांनी गुप्त मतदान होतं. कुणाला कामावरून काढायचं तर आधी परिषदेचं म्हणणं ऐकावं लागतं, न ऐकता दिलेली नोटीस बाद. पाळीच्या वेळा आणि ओव्हरटाइमही तिच्या संमतीशिवाय बदलत नाही. मात्र तिला संप पुकारता येत नाही, आणि पगाराचे करार तिथेही मुख्यतः युनियनच करते. म्हणजे दाखला दिला त्याच देशात दोन्ही आहेत!

आपली वर्क्स कमिटी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून आली. १०० किंवा जास्त कामगार असतील तिथे सरकार ती स्थापायला सांगू शकतं. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नकोत, आणि नोंदणीकृत युनियन असेल तर तिच्याशी सल्लामसलत करून ते निवडायचे. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, तुमच्या कमिटीतली माणसं कुणी निवडली? सुपरवायझरने बोट दाखवून नेमली असतील तर ती तुमची नव्हेत.

कमिटी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. भट्टीजवळचे पंखे, पिण्याचं पाणी, कॅन्टीन, सेफ्टी बूट हे विषय तिथे लवकर सुटतात. पण पगारवाढ, बोनस, कायम करणं यावर साहेब "बघू" म्हणाले की कमिटीच्या हातात काही उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९६० मध्येच सांगितलंय की कमिटी रोजच्या कामकाजापुरती, ती युनियनची जागा घेऊ शकत नाही.

युनियन नोंदवायला किमान सात सभासद लागतात, शिवाय कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तेवढे. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर संहितेप्रमाणे ५१ टक्केवाली एकटी वाटाघाट करते. तशी कुणीच नसेल तर किमान २० टक्केवाल्यांची मिळून वाटाघाटीची परिषद बसते. हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीत नोकरी केलेले लोक इथे येऊन ३० टक्क्यांचा हिशोब सांगतात. तो महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातला, आपल्याकडे कर्नाटकात चालत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. ही टक्केवारी कारखान्याच्या मस्टरवरून मोजतात, आणि आपल्याकडे मोल्डिंगला, फेटलिंगला (ओतीव मालाच्या सफाईला) निम्मी पोरं ठेकेदाराची. ती मोजणीत नसली तरी मागणीपत्रात त्यांचा मुद्दा घाला, नाहीतर संपाच्या ऐन वेळी त्यांच्याच जोरावर भट्टी चालू राहील. आणि मराठी-कन्नड वाद गेटबाहेर ठेवा. कमिटी फोडायला मॅनेजमेंटला तेवढं पुरतं, हे मी पाहिलंय.

पगाराचा करार बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतो. सही करण्याआधी येळ्ळूर-कंग्राळीसारख्या गावांतल्या पोरांना मराठीत वाचून दाखवा. मुदत किती वर्षांची आणि पगाराचा फरक कोणत्या तारखेपासून, या दोन ओळी आधी बघा.