झेब्राफिशच्या मेंदूत चमकणाऱ्या ठिणग्या म्हणजे पेशींमधली वीजच का? माणसाच्या मेंदूत असं का बघता येत नाही?

तुम्ही लिहिलंय की माशाच्या पिल्लाच्या मेंदूत हिरव्या ठिणग्या उडतानाचा व्हिडिओ पाहिलात, आणि त्यावरून हे दोन प्रश्न पडले. मी चार वर्षं याच पिल्लांच्या मेंदूचं चित्रण करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती वीज नाही. तुम्हाला दिसतंय ते कॅल्शियम, वीज येऊन गेल्यावर पेशीत शिरणारं.

आधी मासा. झेब्राफिश मूळचा आपल्या उपखंडातल्या ओढ्यांचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. शोभेच्या माशांच्या दुकानात निळ्या पट्ट्यांचे जे छोटे मासे चपळाईने फिरत असतात, तेच हे. प्रयोगशाळेला हवं असतं ते त्याचं पाच-सहा दिवसांचं पिल्लू: लांबी जेमतेम चार मिलिमीटर, मेंदूत साधारण एक लाख चेतापेशी, आणि अंग काचेसारखं पारदर्शक. त्वचेत काळं रंगद्रव्य नसलेल्या जाती मुद्दाम जोपासलेल्या असतात. पिल्लू आगारोजमध्ये बसवायचं. हा पदार्थ घरातल्या चायना ग्रासपासूनच शुद्ध करून काढतात. तो कोमट असताना पिल्लू त्यात सोडायचं, थिजायच्या आत सुईने सरळ करायचं आणि मग शेपटीभोवतीचा भाग पात्याने कापून काढायचा, म्हणजे डोकं स्थिर राहतं आणि शेपूट हलवता येते. पिल्लाच्या खाली पट्ट्यांचं चित्र सरकवलं की ते त्या दिशेने पोहायला बघतं. पोहण्याची ही धडपड चालू असताना त्याचा मेंदू बघायचा.

आता हिरवा रंग कुठून येतो? ही गोष्ट मला फार प्रिय आहे. ओसामु शिमोमुरा १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला, जेलीफिश गोळा करत होते. एक नाही, दोन नाही, दहा हजारांच्या आसपास. त्यांना जेलीफिशच्या उजेडाचं मूळ हवं होतं. एके दिवशी काम जमेना म्हणून त्यांनी अर्क सिंकमध्ये ओतला, आणि सिंक निळ्या प्रकाशाने उजळलं. त्या सिंकमध्ये मत्स्यटाकीतलं समुद्राचं पाणी येत होतं, आणि त्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे अर्क पेटला होता. त्याच जेलीफिशमध्ये त्यांना दुसरं एक प्रथिन मिळालं, निळा प्रकाश घेऊन हिरवा देणारं. तेच जीएफपी. त्याचं जनुक दुसऱ्या प्राण्यात घातलं तर तो प्राणीही हिरवा चमकतो, हे मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये जंतावर दाखवलं. रॉजर त्सिएन यांनी या प्रथिनात बदल करून त्याचे अनेक रंग बनवले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

पण नुसतं जीएफपी सतत चमकतं, त्याला पेशीची खबर नसते. जुनिची नाकाई यांच्या गटाने २००१ मध्ये ते प्रथिन मधेच कापून त्याला कॅल्शियम पकडणारा तुकडा जोडला. याला जीकॅम्प म्हणतात. जीएफपीचा आकार पिंपासारखा असतो आणि चमकणारा भाग आत असतो. जीकॅम्पमध्ये या पिंपाला भोक असतं, त्यामुळे आतला भाग पाण्याला उघडा पडतो आणि मंद राहतो. कॅल्शियम आलं की जोडलेला तुकडा आवळला जातो, भोक बुजतं, पिंप उजळतं. शांत पेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. पेशीने विजेचा ठोका दिला की दारं उघडतात आणि ते आत घुसतं. त्यामुळे थोडं शिरलं तरी फरक मोठा पडतो.

अडचण वेळेची आहे. विजेचा ठोका एक-दोन मिलिसेकंदांत संपतो, पण जीकॅम्पची चमक विझायला, जीकॅम्पचा प्रकार कोणता त्यानुसार, अर्धा-एक सेकंदही जातो. मधल्या काळात पेशीने दहा ठोके दिले की पंधरा, हे चमकेवरून नेमकं सांगता येत नाही. त्यात मायक्रोस्कोपचा वेग. मिशा आरेन्स आणि फिलिप केलर यांनी २०१३ मध्ये प्रकाशाचा पातळ पडदा मेंदूतून सरकवत या पिल्लाच्या ८० टक्क्यांहून जास्त चेतापेशी एकेक करून टिपल्या. माझ्या मते या क्षेत्रातलं ते सर्वांत देखणं काम. तरी पूर्ण मेंदूचं एक चित्र घ्यायला त्यांना सव्वा सेकंदाहून अधिक वेळ लागत होता. वीज त्यात शेकडो वेळा येऊन जाऊ शकते.

दुसरी अडचण मी स्वतः भोगली. मेंदूच्या मागच्या भागात मला एक पेशी सापडली, पट्टे सरकले की हमखास उजळणारी. दर वेळी. तीन आठवडे मी तिच्यावर आलेख काढत होतो. मग आमच्या गटातल्या एका ताई म्हणाल्या, ‘साध्या जीएफपीचा मासा लावून बघितलास का?’ लावला. साध्या जीएफपीला कॅल्शियम कळत नाही, तरी त्या जागी तेवढीच चमक उठली. शेपटीच्या झटक्याने मेंदू केसभर हलत होता आणि ती पेशी फोकसमध्ये येत-जात होती. मी मोजत होतो ती हालचाल. त्या दिवसापासून मी कुठलाही नवा व्हिडिओ पाहिला की आधी हेच शोधतो: न बदलणाऱ्या रंगाचा मासा लावून पाहिलाय का?

आणि मासा आंधळा नाही. जीकॅम्प उजळवायला निळा लेझर लागतो आणि तो पिल्लाला दिसतो. म्हणून डोळ्यांवर लेझर जाऊ न देण्याची सोय करावी लागते, किंवा अवरक्त लेझर वापरावा लागतो. त्यात दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकाच क्षणी एका रेणूवर पडले तरच चमक येते. ही शक्यता मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये कागदावर मांडली होती, आणि १९९० मध्ये डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी तिचा मायक्रोस्कोप बनवला.

माणसाच्या बाबतीत यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. कवटी अपारदर्शक, मेंदू दाट, पेशी सुमारे ८६ अब्ज, आणि निरोगी माणसाच्या मेंदूत जेलीफिशचं जनुक केवळ बघण्यासाठी कोणी घालणार नाही, घालूही नये. एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनमध्ये रंगीत डाग दिसतात ते रक्तातल्या ऑक्सिजनचे. ते चढायला काही सेकंद लागतात, आणि चित्रातल्या एका ठिपक्यात लाखो पेशी असतात. एकेका पेशीचे ठोके हवे असतील तर तार आतच घालावी लागते. न्यूरोपिक्सेल्स नावाची सिलिकॉनची सुई आहे, फक्त ७० मायक्रोमीटर रुंद. तिच्यावर ९६० टिपणजागा असतात, त्यातल्या ३८४ एका वेळी ऐकता येतात. २०१७ मध्ये ती उंदरांसाठी आली. २०२२ मध्ये ती माणसाच्या मेंदूत वापरल्याचं प्रसिद्ध झालं, तेही ज्यांच्या मेंदूची शस्त्रक्रिया मुळातच ठरलेली होती अशा रुग्णांमध्ये, त्यांच्या संमतीने आणि शस्त्रक्रिया चालू असताना मिळणाऱ्या काही मिनिटांपुरती.