चावी काढली, तरी कॅमेरा जागाच

प्रश्न: ट्रकला डॅशकॅम आणि जादा दिवे बसवले, वायर थेट बॅटरीला जोडली. आता चावी काढली तरी कॅमेरा चालूच, आणि सकाळी सेल्फ उचलत नाही. चावीवरचा करंट कुठून घेऊ?

उत्तर: हा उद्योग मीही केलाय, पहाटे दुसऱ्याच्या बॅटरीवरून जंपर लावताना अक्कल आली. फ्यूज बॉक्स उघडा. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) डीसी व्होल्टवर ठेवा. त्याचा काळा प्रोब, म्हणजे वायरीचं टोक, बॉडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला, लाल एकेका फ्यूजच्या माथ्यावर. चावी बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर पूर्ण व्होल्टेज, तो फ्यूज तुमच्या कामाचा. लायटरच्या सॉकेटवर विसंबू नका, काही गाड्यांत ते कायम चालू असतं. एबीएस (ब्रेकची यंत्रणा), एअरबॅग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

कॅमेऱ्याला फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसवून जादा वायर काढायची जोडणी, पुरे. दिव्यांना रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हवाच. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ८६ ला हा चावीचा करंट, ८५ अर्थिंगला, ३० बॅटरीकडून फ्यूजमधून, ८७ दिव्यांना. गाडी २४ व्होल्टची असेल तर रिले आणि दिवेही २४ चेच घ्या. कॅमेरा १२ चा असल्यास २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा; २४ साठी १२ च्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात, त्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ चोरलेत, तर ती आधी मरते आणि जोडीदारणीलाही नेते.