पुण्यात जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेताना टोकन देण्याआधी काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की पंधरा-सोळा वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके आवडलाय, एजंट ‘पेपर एकदम क्लिअर आहेत, टोकन देऊन टाका’ म्हणून मागे लागलाय, आणि त्याआधी काय बघायचं ते तुम्हाला कळत नाहीये.

एजंटच्या ‘क्लिअर’चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की आधीच्या मालकाला त्या फ्लॅटवर बँकेनं कर्ज दिलं होतं. बँक आपल्या वसुलीपुरतं बघते. तुम्हाला तिथे राहायचंय.

मी आमच्या सोसायटीत काही वर्षं सेक्रेटरी होतो. फ्लॅट बघायला येणारी मंडळी किचन ट्रॉली बघतात, वास्तू बघतात, पार्किंगमध्ये गाडी बसेल का ते बघतात. सोसायटीचा ताळेबंद मागणारे फारच थोडे भेटले. फ्लॅटच्या आतलं बहुतेक सगळं पैसे टाकून बदलता येतं. इमारतीचं किंवा जमिनीचं दुखणं एकट्याला बरं करता येत नाही. म्हणून माझा क्रम लोकांच्या उलट आहे: आधी जमीन आणि इमारत, मग सोसायटी, मग विकणारा, फ्लॅट सगळ्यात शेवटी.

एवढ्या जुन्या इमारतीचा रेरा नंबर (बांधकाम प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) शोधत बसू नका. महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं. त्याआधी पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारती त्यात नसतातच. तुम्हाला हवंय ते भोगवटापत्र, म्हणजे इमारतीत राहायला दिलेली अधिकृत परवानगी. त्याची झेरॉक्स हातात घेऊन नुसती मान डोलावू नका, वाचा. अनेक ठिकाणी ते अंशतः असतं: ए विंगचे पहिले चार मजले, आणि तुमचा फ्लॅट बी विंगमध्ये सहाव्यावर. मंजूर नकाशाही मागा. आपल्याकडे टेरेस बंद करून खोली करायची हौस फार. नकाशात जी टेरेस आहे, तिचे बेडरूमच्या भावानं पैसे देऊ नका.

मग जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन दिसतं. १९६३ च्या मोफा (फ्लॅट मालकीच्या) कायद्यानुसार बिल्डरनं सोसायटी स्थापन झाल्यावर जमिनीचं कन्व्हेयन्स करून द्यायचं असतं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करायची असते. कित्येकांनी ते केलेलं नाही, म्हणून तर २००८ साली कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरनं सही न करताही होणाऱ्या कन्व्हेयन्सची) सोय आणावी लागली. कन्व्हेयन्स नाही म्हणून लगेच फ्लॅट सोडा, असं मी म्हणणार नाही, तसं केलं तर शहरात घर मिळणं कठीण होईल. पण अर्ज केलाय का, बिल्डर वाद घालतोय का, हे विचारा. उद्या पुनर्विकासाची वेळ आली की उरलेला एफएसआय (जमिनीवर अजून करता येणारं बांधकाम) कोणाचा, हा वाद तिथूनच सुरू होतो.

इथे पुण्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळ्या इमारती सोसायट्या नसतात. बऱ्याच १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची अपार्टमेंट आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) नसतं, मालकाच्या नावानं ‘डीड ऑफ अपार्टमेंट’, म्हणजे मालकीचा दस्त, असावं लागतं. विकणारा शेअर सर्टिफिकेट दाखवू शकत नसेल तर त्याला खोटारडा ठरवण्याआधी हे विचारून घ्या. डीडही झालेलं नसेल, तर मात्र ते व्यवहाराआधी पूर्ण करून मागा.

नदी-ओढ्याजवळचा फ्लॅट असेल तर पूररेषा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्यानं काय केलं आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी कुठवर चढलं, हे शहराला अजून आठवतं. तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा. तो एजंटपेक्षा खरं सांगेल.

आता सोसायटी. बाहेरच्या माणसाला कमिटी कागद दाखवेलच असं नाही, पण सभासदाला दप्तर पाहायचा हक्क कायद्यानं आहे. म्हणून ते काम विकणाऱ्याकडून करून घ्या. तो टाळाटाळ करू लागला की तेही उत्तरच समजा. मागायचं काय? गेल्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि वार्षिक सभांची इतिवृत्तं. इतिवृत्तं कंटाळवाणी असतात, पण लिफ्ट, गळती, बिल्डरवरची केस, थकबाकीदार, सगळं त्यांत सापडतं. जमाखर्चात टँकरचा आकडा शोधा. २०१७ आणि २०२१ साली महापालिकेत आलेल्या गावांमध्ये तर तो आधी बघा. ‘चोवीस तास पाणी’ कोणाच्या पैशानं येतं ते तिथे कळतं. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी) नुसता दाखवलाय की खरोखर बँकेत ठेव आहे, तेही बघा. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) करायचं असतं, तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. झालंय का, आणि त्यात सांगितलेली दुरुस्ती झाली का? नसेल, तर तो खर्च तुमच्या वाट्याला येणार आहे.

पार्किंगचं म्हणाल तर ‘बिल्डरकडून विकत घेतलंय’ यावर फार विसंबू नका. स्टिल्ट (इमारतीखालचं खांबांमधलं) आणि मोकळं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं. तुमच्या फ्लॅटला पार्किंग मिळणार का, ते सोसायटीकडूनच लेखी घ्या. फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी जो हस्तांतरणाचा प्रीमियम घेते, त्याला महापालिका हद्दीत २५,००० रुपयांची मर्यादा आहे. त्यावर कोणी ‘विकासनिधी’ किंवा ‘देणगी’ मागितली तर लेखी मागणी द्या म्हणा. बहुधा विषय तिथेच संपतो.

विकणाऱ्याचे कागद म्हणजे साखळी. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक करार नोंदलेला आणि पूर्ण मुद्रांकाचा हवा. इंडेक्स टू (नोंदलेल्या कराराचा गोषवारा) नोंदणी खात्याच्या ई-सर्चमध्ये सापडतो. तरीही स्वतःचा वकील लावून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल) घ्याच. एजंटनं सुचवलेला वकील नको. मूळ मालक वारले असतील तर जास्त सावध राहा. ‘नॉमिनेशन माझ्या नावावर आहे’ म्हणजे मालकी नव्हे. बहिणी, भाऊ, आई, सगळ्या वारसांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं इथे हमखास ‘विसरली’ जातात.

फ्लॅटवर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतील. उरलेल्या रकमेचं बँकेचं पत्र घ्या आणि तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भरा.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या आयकरापोटीची कपात) कापून भरणं ही तुमची जबाबदारी, विकणाऱ्याची नाही. नवरा-बायको दोघे विकत असतील आणि प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत असला, तरी एकूण रक्कमच धरतात. आणि विकणारा परदेशात स्थायिक असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कपात बरीच मोठी असते. ते सीएला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

फ्लॅट स्वतः? पावसाळ्यात एकदा बघा, वरच्या मजल्यावरच्यांना बाथरूमच्या गळतीबद्दल विचारा, आणि करारातलं क्षेत्रफळ कार्पेट आहे की जुन्या पद्धतीचं ‘सेलेबल’ (सामायिक जागेचा वाटा धरून वाढवलेलं) ते तपासून टेपनं मोजा. एवढं पुरे.

हे सगळं टोकनआधी जमणार नाही, मला ठाऊक आहे. चांगला फ्लॅट तेवढा थांबत नाही. मग विसार द्या, पण छोटा, चेकनं, आणि सगळ्या मालकांच्या सह्यांच्या पावतीवर. पावतीत दोन वाक्यं घाला: सर्च रिपोर्टमध्ये दोष निघाला किंवा कागद ठरलेल्या तारखेपर्यंत मिळाले नाहीत, तर पूर्ण रक्कम परत, आणि तोवर फ्लॅट दुसऱ्या कोणाला दाखवायचा नाही. साठेखत, म्हणजे विक्रीचा नोंदणीकृत करार, त्यानंतरच.