कॅलिब्रेशननंतर टीव्ही पिवळट का दिसतो?

प्रश्न : पैसे मोजून कॅलिब्रेशन (टीव्हीचे रंग-उजेड मोजून प्रमाणानुसार जुळवणं) करून घेतलं आणि टीव्ही पिवळट दिसायला लागला. तंत्रज्ञाने बिघडवला का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. टीव्हीच्या ‘व्हिव्हिड’ या भडक पिक्चर मोडच्या निळसर पांढऱ्याला डोळे सरावलेत; प्रमाण पांढरा म्हणजे डी६५, साधारण ६५०० केल्विन, म्हणून त्यापुढे तो पिवळट वाटतो. आठवडाभर तसाच बघा. तरीही खटकलं तर आधीचा-नंतरचा मोजणी अहवाल मागा. राखाडी चाचणी-पट्ट्यांवर डेल्टा ई (प्रमाण रंगापासूनचा फरक) ३ च्या आत हवा. मोजण्याआधी टीव्ही अर्धा तास चालू होता ना, तेही विचारा. इको (वीजबचत) मोड किंवा प्रकाश-सेन्सर सुरू राहिला असेल तर सगळी मेहनत पाण्यात. पडदा मध्येच स्वतःहून मंदावतो. एचडीआरची (जास्त उजेड-सावलीच्या चित्रांची) जुळणी वेगळी करावी लागते. हॉलमध्ये मावळतीचं ऊन येत असेल, तर दिवसासाठी जास्त उजेडाचा दुसरा मोड लावून घ्या.