जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक माकोतो शिन्काईचे सिनेमे खरंच थोर आहेत, की नुसते देखणे? चाहते त्यावरून एवढे का भांडतात?

माझ्या मते थोर आहेत, पण सगळे नाहीत. आणि सर्वांत जास्त गाजलेला 'योर नेम' माझ्या यादीत पहिला येत नाही. तुम्ही लिहिलंय की तो पाहून तुम्ही भारावून गेलात, आणि मग मित्रांनी "चित्रं सोडली तर त्यात आहे काय?" असं विचारल्यावर तुम्हाला उत्तर सुचेना. हा वाद जुना आहे. शिन्काईवर जीव टाकणारे लोकही तो आपसात घालतात. मला तर वाटतं, या वादानेच त्याच्याकडून पुढचे दोन सिनेमे करून घेतले. तेच जरा सविस्तर सांगते. बऱ्याच सिनेमांचे शेवट सांगावे लागणार आहेत, तेव्हा पाहिले नसतील तर आधी पाहून या.

पहिला आक्षेप 'नुसती चित्रं' हा. तो समजून घ्यायचा तर हा माणूस घडला कसा ते बघायला हवं. जन्म १९७३ चा, नागानो प्रांतातल्या कोउमी या डोंगराळ गावातला. टोकियोच्या चुओ विद्यापीठात जपानी साहित्य शिकला आणि फाल्कॉम या व्हिडिओ गेमच्या कंपनीत नोकरीला लागला. गेम सुरू होताना जी छोटी फिल्म दिसते, तशा फिल्म तो तिथे करायचा. हातात मोजका वेळ, मागे संगीत, आणि संगीताच्या ठेक्यावर पडणारे कट. 'त्याचे सिनेमे मध्येच म्युझिक व्हिडिओ होतात' ही तक्रार ऐकली असेल तुम्ही. ती खरी आहे आणि तिचं मूळ इथे आहे. 'योर नेम'मध्ये रॅडविम्प्स या रॉक बँडचं गाणं सुरू होतं आणि गावातली मित्सुहा नि टोकियोतला एक मुलगा यांच्या शरीरांची काही आठवड्यांची अदलाबदल भराभर उलगडते, ती त्या जुन्या नोकरीतली कारागिरी.

जपानी ॲनिमेशनमधलं सर्वांत मोठं नाव, घिबली स्टुडिओचा हायाओ मियाझाकी, त्याची वाट निराळी होती. तो तोएई या ॲनिमेशन स्टुडिओत ॲनिमेटर म्हणून तयार झाला. माणूस धावतो कसा, घास तोडतो कसा, जिना चढताना दमतो कसा, हे त्याने वर्षानुवर्षं हाताने काढलं. शिन्काईला ही तालीम मिळालीच नाही. २००२ साली त्याने 'व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार' ही २५ मिनिटांची फिल्म मॅक कॉम्प्युटरवर जवळजवळ एकट्याने केली. पहिल्या आवृत्तीत नायकाचा आवाजसुद्धा त्याचाच होता. एकटा माणूस पात्रांच्या हालचालींची हजारो चित्रं काढणार कुठून? मग पात्रं स्थिर उभी राहिली आणि त्यांच्यामागचं आकाश हललं. संवादांच्या जागी मनोगत आलं. प्रसंग रंगवायच्या ऐवजी वस्तू दिसू लागल्या: विजेच्या तारा, रिकामा वर्ग, रेल्वेचं फाटक, मोबाइलचा छोटा पडदा. गोष्टही अशी की मुलगी लढायला अंतराळात दूर दूर जात राहते, आणि तिचा मेसेज जमिनीवरच्या मुलाला पोचायला दर वेळी जास्त वेळ लागतो. शेवटी आठ वर्षांहून जास्त. अशा गोष्टीत दोन माणसं समोरासमोर येतच नाहीत. तेव्हा त्यांच्यातलं अंतर दाखवायचं कशाने? उजेडाने, ऋतूने, ढगांनी. साधनांची टंचाई होती, त्यातून त्याची शैली आली. पुढे मोठा स्टुडिओ आणि पैसा मिळाल्यावरही ती त्याने टाकली नाही.

म्हणून मित्रांना माझं पहिलं उत्तर हे: शिन्काईच्या सिनेमात बॅकग्राउंड बाजूला काढलं तर गोष्टच उरत नाही, कारण गोष्ट सांगायचं काम तेच करत असतं. शिरीष पैंमुळे मराठीत रुजलेला हायकू ज्यांनी वाचलाय, त्यांना ही रीत परकी वाटू नये. तिथेही भावना बोलून दाखवत नाहीत, समोरचं दृश्य ठेवतात आणि बाजूला होतात. २०१३ चा 'गार्डन ऑफ वर्ड्स' बघा, जेमतेम ४६ मिनिटांचा आहे. शिन्जुकूच्या बागेत पावसाच्या सकाळी भेटणारा १५ वर्षांचा मुलगा आणि २७ वर्षांची बाई. त्यांच्या गालांवर, मानेवर झाडांचा हिरवा उजेड पडलेला आहे. कडेची रेघसुद्धा काळी नाही, हिरवट आहे. शहराच्या इतर जागी हीच माणसं अशी दिसत नाहीत. ही बाग त्या दोघांना काय देते हे कोणी बोलत नाही, रंग सांगतो. (त्याच सिनेमात शेवटी जिन्यावर मुलगा ओरडून ओरडून सगळं बोलतो. तो प्रसंग मला जास्तीचा वाटतो. तासभरही न चाललेल्या इतक्या संयमी सिनेमाला त्याची गरज नव्हती.)

आता '५ सेंटिमीटर्स पर सेकंद'. २००७ चा, ६३ मिनिटांचा, तीन भागांचा. चाहत्यांची सर्वांत कडाक्याची भांडणं यावरच होतात. पहिल्या भागात शाळकरी ताकाकी लांबच्या गावी गेलेल्या आकारीला भेटायला टोकियोहून निघतो. बर्फ पडायला लागतो आणि गाडी थांबते. पुन्हा निघते, पुन्हा थांबते. तासन्तास. तिला द्यायला लिहिलेलं पत्र प्लॅटफॉर्मवर वाऱ्याने उडून जातं. या प्रवासात काहीच घडत नाही असं म्हणणारे मला भेटलेत. अहो, घड्याळाचा काटा पुढे सरकतोय आणि तेरा वर्षांच्या पोराच्या हातात काहीही नाही, हेच तर घडतंय! दुसरा भाग तानेगाशिमा बेटावरचा, जिथून जपानची रॉकेटं उडतात. तिथली कानाए ताकाकीवर प्रेम करते. रस्त्यावरून रॉकेटचा भाग ताशी ५ किलोमीटरने हळूहळू नेताना ती दोघं बघतात. नंतर रॉकेट उडतं, आणि हा मुलगा आपल्या पलीकडे, फार लांब कुठेतरी बघतोय हे तिला त्या क्षणी कळतं. ती सांगायचं ते सांगतच नाही.

तिसऱ्या भागात मोठा झालेला ताकाकी रेल्वे फाटकाशी एका बाईला ओलांडून जातो, दोघं वळणार तोच मध्ये गाडी येते. गाडी गेल्यावर पलीकडे कोणी नसतं. तो किंचित हसतो आणि चालू लागतो. निम्मे चाहते म्हणतात, केवढा क्रूर शेवट. उरलेले म्हणतात, सुटला बिचारा. मी दुसऱ्या बाजूची आहे. तो तिची वाट बघत उभा राहत नाही, हे महत्त्वाचं. पण पहिल्या बाजूचं एक म्हणणं मला मान्य आहे: तिसरा भाग फार आखूड आहे. ताकाकीची नोकरी, त्याचं दुसऱ्या मुलीशी तुटलेलं नातं, सगळं भुर्रकन उरकतं आणि गाणं सुरू होतं. शिन्काईने नंतर स्वतःच यावर कादंबरी लिहिली, तिच्यात ही जागा भरलेली आहे.

तर खरी कमजोरी चित्रांत नाही, माणसांत आहे. त्यातही मुलींत. सुरुवातीच्या सिनेमांतल्या बऱ्याच मुली नायकाच्या हुरहुरीचं कारण म्हणून येतात. त्यांना स्वतःला काय हवंय हे धूसर राहतं. कानाए अपवाद, म्हणून तो भाग मला सर्वांत आवडतो. 'योर नेम'मध्ये मित्सुहा चांगली उभी राहते, पण तिथेही एक जागा बघा. धूमकेतूचा तुकडा पडणार आहे, गाव रिकामं करायचंय, आणि हुकूम देऊ शकणारा एकच माणूस, तिचा महापौर बाप, ज्याच्याशी तिचं वर्षानुवर्षं पटत नाही. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. आणि सिनेमा तिथून कट करतो! ती काय बोलली, त्याला का पटलं, हे आपल्याला दिसतच नाही. गाव वाचतं ते या संभाषणामुळे, आणि तेच गाळलेलं आहे. मित्र 'पोकळ' म्हणतात तेव्हा ते बहुधा या जागेवर बोट ठेवत असतात, फक्त नीट सांगता येत नसतं. ती दोघं वेगवेगळ्या सालांत जगत असतात, तर 'दोघांच्या मोबाइलवर साल दिसत नव्हतं का?' हा नेहमीचा प्लॉट होल मला फार छळत नाही. स्वप्नासारखं विसरणं त्या गोष्टीत पहिल्यापासून आहे.

पण 'योर नेम'वर जपानमध्ये झालेली टीका याहून जड होती. सिनेमा २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्याने जपानमध्ये २,५०० कोटी येनहून जास्त कमाई केली. त्याच्यामागे ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी आहे, हे तिथल्या प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही. एका दिवसात पुसलं गेलेलं गाव, यादीतली मृतांची नावं. आणि मग नायक काळात मागे जाऊन ते सगळं टाळतो. काहींनी विचारलं, घडलेली आपत्ती न घडल्यासारखी करणं हा कसला दिलासा? ज्यांचं माणूस गेलं त्यांनी हा शेवट कसा पाहायचा? शिन्काईने मुलाखतींत सांगितलंय की ही टीका त्याच्या मनात राहिली, आणि तिला शांत करण्यापेक्षा त्या लोकांना आणखी राग येईल असा सिनेमा करायचं त्याने ठरवलं.

तो सिनेमा म्हणजे 'वेदरिंग विथ यू'. भारतात तो २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये थिएटरात लागला, तोही चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवल्यावर. त्यात टोकियोवर पाऊस थांबत नाही. हिना नावाच्या मुलीचा बळी गेला तर ऊन पडेल. बेटावरून पळून आलेला होदाका तिला परत आणतो आणि म्हणतो, हवामान बिघडलेलंच राहू दे. पुढे तीन वर्षं पाऊस पडत राहतो, शहराचा मोठा भाग पाण्याखाली जातो. मोठी माणसं त्याची समजूत घालतात: एक आजी म्हणते, इथे पूर्वी खाडीच होती. दुसरा म्हणतो, जग कायमच असं वेडंवाकडं होतं, तुमच्यामुळे काही झालं नाही. होदाका ते स्वीकारत नाही. आम्ही निवडलं, आम्हीच जग बदललं, असं तो शेवटी स्वतःशी म्हणतो. मुलगा-मुलगी आणि जगाचा अंत यांची थेट गाठ, मधला समाज गायब, अशा गोष्टींवर जपानी समीक्षक पूर्वीपासून टीका करत आलेत, आणि शिन्काईचं नाव त्यात हमखास येतं. इथे समाज आहे. पोलीस आहेत, बालकल्याण खात्याची माणसं आहेत, पैशांची चणचण आहे. आई गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी हिना वय खोटं सांगून कामं करते. सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून एका पोरक्या मुलीने नाहीसं व्हावं, हा हिशेब सिनेमा नाकारतो. हा शेवट स्वार्थी आहे असं म्हणणाऱ्यांशी मी अजूनही वाद घालते. होदाकाच्या हाती बंदूक लागते त्या धाग्याचं समर्थन मात्र मला करता येत नाही. तो उगाचच आहे.

आणि मग 'सुझुमे', २०२२ चा. आपल्याकडे २०२३ च्या एप्रिलमध्ये आला, तेव्हा शिन्काई स्वतः भारतात आला होता. माझ्या लेखी हा त्याचा सर्वांत मोठा सिनेमा. यात आपत्ती टळत नाही, रूपकाच्या आड लपतही नाही. सुझुमेची आई २०११ च्या त्सुनामीत गेलेली आहे. लहानपणीच्या रोजनिशीत ११ मार्चनंतरची पानं काळ्या खडूने भरलेली आहेत. क्युशूहून निघून ती ओस पडलेल्या जागांमधली, भूकंप ज्यांतून बाहेर येतो अशी दारं बंद करत उत्तरेकडे जाते. वाटेत १९९५ च्या भूकंपाचं कोबे लागतं, १९२३ च्या भूकंपाचं टोकियो लागतं. दार बंद करायचं तर आधी तिथे एके काळी राहणाऱ्यांचे आवाज ऐकावे लागतात. शेवटच्या दाराशी जे ऐकू येतं ते त्या एका सकाळचं आहे. "येते हं." "नीट जा." घराघरांतून निघणारी माणसं, संध्याकाळी परतणार असं धरून चाललेली. कोणी मेलेलं परत येत नाही. 'योर नेम'च्या टीकाकारांनी जे मागितलं होतं ते इथे त्यांना मिळतं. शिवाय या सिनेमातल्या भूकंपाच्या इशाऱ्याच्या आवाजाबद्दल प्रेक्षकांना प्रदर्शनाआधीच सूचना दिली गेली होती, कारण तो आवाज जपानमध्ये लोकांनी खऱ्या आयुष्यात ऐकलेला आहे.

माणसांच्या बाबतीतही तो इथे पुढे गेला. बारा वर्षं भाचीला वाढवणारी तामाकी मावशी एका पार्किंगमध्ये फुटते: तुझ्यासाठी माझी उमेदीची वर्षं गेली, माझं आयुष्य मला परत दे. त्या क्षणी तिच्यावर कसलीतरी छाया आहे, पण ती नंतर कबूल करते की तसं मनात होतंच, मात्र तेवढंच नव्हतं. 'योर नेम'मध्ये गाळलेलं बापलेकीचं बोलणं आठवतं ना? सहा वर्षांनी त्याने तसं बोलणं गाळलं नाही. सुझुमे आणि तिच्यासोबत दारं बंद करणारा सोता यांचं प्रेम मात्र मला पटत नाही. सोता शापामुळे बराच वेळ तीन पायांची खुर्ची झालेला असतो, आणि सुझुमेची ओढ त्या खुर्चीकडे, आईने केलेल्या वस्तूकडे, जास्त वाटते.

'पुढचा मियाझाकी' हा शिक्का तेवढा विसरा. २०११ साली 'चिल्ड्रन हू चेस लॉस्ट व्हॉइसेस'मध्ये तो घिबलीच्या वळणावर गेला होता. त्याचा तो सिनेमा मला सर्वांत कमी आठवतो.

मित्रांना पटवायचंच असेल तर 'योर नेम'वर वाद घालत बसू नका. त्यांना आधी '५ सेंटिमीटर्स'चा फक्त कानाएचा भाग दाखवा, वीसेक मिनिटांचा आहे, आणि मग पूर्ण 'सुझुमे', जपानी आवाजात, सबटायटल लावून. त्यानंतरही 'नुसती चित्रं' म्हणाले तर कुठल्या प्रसंगाबद्दल म्हणतायत ते विचारून इथे खाली लिहा. मला खरंच वाचायचंय.