गुलाबी कुंझाइटची अंगठी रोज घालावी का, आणि या खड्याचा आध्यात्मिक अर्थ काय?

आपल्याला कुंझाइटची अंगठी भेट मिळाली आहे. ती रोज घालावी का, तिची निगा कशी राखावी, आणि ‘खडा दर आठवड्याला उन्हात ठेवून शुद्ध करावा’ हा आपल्याला मिळालेला सल्ला पाळावा का, असे आपण विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: अंगठी उन्हात मुळीच ठेवू नका.

कुंझाइट हा स्पॉड्युमीन या खनिजाचा गुलाबी ते फिकट जांभळा प्रकार आहे. हे खनिज म्हणजे लिथियम आणि ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट, आणि त्यातला गुलाबीपणा अत्यल्प मँगनीजमुळे येतो. हा रंग प्रखर उजेडात आणि उष्णतेत हळूहळू उतरतो. माझ्याकडे या खड्याचे लोलक आणि कानातले असा जोड आहे. त्यातील लोलक एका उन्हाळ्यात खिडकीजवळ टांगलेले राहिले, कानातले मात्र डबीतच होते. पुढे दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवल्यावर लोलकाचा गुलाबी रंग जवळजवळ धुऊन निघाल्यासारखा दिसला. रोज थोडा थोडा उतरत असल्यामुळे तोपर्यंत ते माझ्या लक्षातही आले नव्हते. कुंझाइटला ‘संध्याकाळी घालायचा खडा’ म्हणतात ते याच कारणाने, त्यात गूढ असे काही नाही.

अंगठी हातात घेऊन दिव्याखाली सावकाश फिरवून पाहा. एका बाजूने खडा जांभळट गुलाबी दिसेल, तर दुसऱ्या बाजूने जवळजवळ बिनरंगी. सर्वांत गडद रंग स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने पाहिल्यावर दिसतो, म्हणून पैलू पाडणारा कारागीर खड्याचा वरचा सपाट पैलू त्या लांबीला काटकोनात येईल अशी काळजी घेतो. फिकट रंग अधिक भरीव दिसावा म्हणून हे खडे पुष्कळदा चांगले खोलही ठेवले जातात. माझ्या मते कुंझाइटचे खरे सौंदर्य या दिशेनुसार बदलणाऱ्या रंगात आहे.

रोज घालण्याबाबत मात्र मी सावध राहीन. खनिजांची कठिनता १ ते १० अशी मोजणाऱ्या मोह्स मापनश्रेणीवर याची कठिनता ६.५ ते ७ आहे, म्हणजे ती काही फार कमी नाही. पण खरी अडचण पाटनाची, म्हणजे ठरावीक दिशांना दुभंगण्याच्या गुणाची आहे. स्पॉड्युमीनमध्ये जवळजवळ काटकोनात असलेल्या दोन दिशांना स्फटिक सहज दुभंगतो, त्यामुळे एरवी ओरखडाही न उमटलेला खडा ओट्याच्या कडेवर नेमका आपटला तर सरळ चिरतो. लोलकात किंवा कानातल्यांत हा धोका पुष्कळ कमी असतो. अंगठीच घालायची असेल तर घरकामाच्या आणि व्यायामाच्या वेळी ती काढून ठेवावी.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. वाफेने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात ती धुऊ नये, आणि गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकू नये. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांची कठिनता ७ असते, त्यामुळे धूळ बसलेला खडा कोरड्या फडक्याने खसाखसा पुसणे म्हणजे त्यावर बारीक कानस फिरवण्यासारखे आहे.

आता आध्यात्मिक अर्थाकडे येतो. स्फटिकांवर श्रद्धा असणारे लोक कुंझाइटचा संबंध अनाहत चक्राशी, म्हणजे प्रेम, क्षमा आणि मनःशांती यांच्याशी जोडतात. हा अर्थ सुंदर आहे, परंतु तो प्राचीन असल्याचे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. हा गुलाबी प्रकार १९०२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील पाला परिसरात सापडला आणि रत्नतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांच्यावरून त्याला नाव मिळाले. जुन्या रत्नग्रंथांत या नावाने तो आढळण्याचा प्रश्नच नाही. लिथियम हे औषध म्हणून मनोविकारांवर वापरले जाते, म्हणून हा खडा अंगावर घातल्याने मन शांत होते, असाही एक युक्तिवाद वाचायला मिळतो. तो मला पटत नाही, कारण खड्यातले लिथियम स्फटिकाच्या रचनेत घट्ट बांधलेले असते आणि त्वचेतून ते शरीरात जात नाही. प्रिय व्यक्तीची आठवण म्हणून, किंवा ध्यानाच्या वेळी मन एका जागी आणणारी वस्तू म्हणून तो हातात धरण्यास माझी काहीच हरकत नाही. उपचार चालू असतील तर ते मात्र त्याच्या भरवशावर थांबवू नयेत.

‘शुद्धीकरण’ करण्याची आपली इच्छा असेल तर वर सांगितल्याप्रमाणे साबणपाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून, अंगठी बंद डबीत ठेवावी. मिठाच्या पाण्यात ती बुडवू नये. त्याचा त्रास खड्यापेक्षा कोंदणाच्या धातूला अधिक होतो. डबीत इतर दागिने असतील तर ही अंगठी वेगळ्या मऊ पिशवीत असू द्या, कारण नीलम, माणिक किंवा हिरा तिच्यावर सहज ओरखडे पाडतो.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही: अंगठी सैल किंवा घट्ट होत असेल आणि माप बदलून घ्यायचे असेल, तर हा खडा कुंझाइट आहे हे सोनाराला आधीच सांगा आणि ज्योतीची आच लागण्यापूर्वी तो कोंदणातून काढून घ्यायला लावा.